इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात नवी गॅजेट्स कशी पारखावीत: पुणेकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

प्रदर्शनातल्या स्टॉलवरची प्रत्येक वस्तू चालतेच. ती चालावी म्हणूनच सगळी मांडणी केलेली असते. प्रोजेक्टरसाठी काळ्या पडद्यांची अंधारी खोली, रोबोट झाडूसाठी गुळगुळीत चौथरा, टीव्हीवर कंपनीनेच तयार केलेली भडक रंगांची चित्रफीत. त्यामुळे 'चालतंय का?' या प्रश्नाला तिथे अर्थ उरत नाही. आपल्या घरात, आपल्या वायरीवर, आपल्या भाषेत ही वस्तू कुठे अडेल, हे शोधायला प्रदर्शनात जायचं. पाच कंपन्यांची तीच वस्तू शेजारीशेजारी, हातात घेऊन बघायची सोय आणि उत्तर द्यायला समोर माणूस, हे ऑनलाइन खरेदीत मिळत नाही. ही संधी माहितीपत्रकांच्या पिशव्या भरण्यात घालवू नका.

प्रदर्शन कोणासाठी आहे, ते आधी बघा

लास वेगासचं सीईएस १९६७ पासून भरतं आणि ते फक्त या व्यवसायातल्या लोकांसाठी असतं. बर्लिनच्या इफाची सुरुवात १९२४ची आणि तिथे सामान्य माणूसही तिकीट काढून जाऊ शकतो. आपल्याकडेही हे दोन प्रकार आहेत आणि जाहिरातीवरून ते नेहमी कळतातच असं नाही. व्यापारी प्रदर्शनात नोंदणी करताना फर्मचं नाव, व्हिजिटिंग कार्ड, कधी जीएसटी क्रमांक मागतात. तिथला स्टॉलवाला खोक्यांच्या हिशोबात बोलतो, एक नग विकायला तो बांधील नसतो. ग्राहक प्रदर्शनात एक नग मिळतो, पण समोरचा माणूस बऱ्याचदा चार दिवसांसाठी नेमलेला असतो, त्याला वस्तूची खोलात माहिती नसते. काही प्रदर्शनांत पहिले दिवस व्यापाऱ्यांसाठी आणि शेवटचे सर्वांसाठी असतात. नोंदणीच्या पानावर हे स्पष्ट लिहिलेलं असतं, ते वाचूनच दिवस ठरवा.

पुण्यात अशी प्रदर्शनं मुख्यतः तीन ठिकाणी भरतात: चिंचवडचं ऑटो क्लस्टर, शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालयाचं मैदान आणि मोशीचं प्रदर्शन केंद्र. ऑटो क्लस्टरला जायला पीसीएमसी मेट्रो स्थानकावर उतरून रिक्षा करणं सगळ्यात सोपं. कोथरूड, कर्वे रोड किंवा नगर रोडकडून येणाऱ्यांनी सिव्हिल कोर्टला मार्गिका बदलावी. कृषी महाविद्यालयासाठी शिवाजीनगर स्थानक सोयीचं. मोशीला मेट्रो नाही. नाशिक फाट्यापर्यंत मेट्रो आणि पुढे बस किंवा रिक्षा, नाहीतर स्वतःची गाडी. शनिवार-रविवारी दुपारनंतर नाशिक रस्ता तुंबतो, हे गृहीत धरूनच निघा.

शक्य असेल तर कामाच्या दिवशी, दार उघडतानाच पोचा. पहिल्या दोन तासांत स्टॉलवरची माणसं ताजीतवानी असतात, मालक किंवा तांत्रिक माणूस जागेवर असतो आणि वस्तूंच्या बॅटऱ्या भरलेल्या असतात. दुपारी तीननंतर तेच इअरबड शंभर कानांतून फिरून आलेले असतात.

आदल्या संध्याकाळी घरात करायची कामं

सहभागी कंपन्यांची यादी आणि हॉलचा नकाशा आयोजकांच्या संकेतस्थळावर असतो. त्यातून फार तर तीन प्रकारच्या वस्तू निवडा आणि दहा-बारा स्टॉलवर खुणा करा. त्याहून जास्त स्टॉल नीट तपासून होत नाहीत.

मग घरात टेप घेऊन फिरा. टीव्हीच्या भिंतीची रुंदी आणि सोफ्यापासूनचं अंतर. पलंगाखालची आणि सोफ्याखालची मोकळी उंची, कारण बरेचसे रोबोट झाडू साडेनऊ-दहा सेंटिमीटर उंच असतात. खोल्यांमधल्या उंबरठ्यांची उंची मिलिमीटरमध्ये. राउटरच्या अडॅप्टरवरच्या लेबलचा फोटो, ज्यात 'आउटपुट'च्या पुढचे व्होल्ट आणि अँपिअर वाचता येतील. सध्याच्या टीव्हीच्या मागच्या सॉकेटचाही फोटो. हे फोटो एका वेगळ्या अल्बममध्ये ठेवा, म्हणजे स्टॉलवर शोधाशोध होत नाही.

पिशवीत काय घ्यायचं:

- जुना स्मार्टफोन, बॅटरी २० ते ३० टक्क्यांवर आणून. चार्जर तपासायला हाच लागतो.
- यूएसबी टाइप-सी पॉवर मीटर. वायरीच्या मध्ये लावायचा छोटा तुकडा, जो व्होल्ट, अँपिअर, वॅट आणि वॉट-अवर दाखवतो. तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो.
- स्वतःची चांगली टाइप-सी केबल, १०० वॅटची. साध्या केबलमधून तीन अँपिअरपर्यंत, म्हणजे ६० वॅटपर्यंतच शक्ती जाते. पाच अँपिअरसाठी केबलच्या टोकात ई-मार्कर चिप लागते.
- पेनड्राइव्ह, एक्सफॅट फॉरमॅट केलेला. फॅट-३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही आणि लांब फोर-के क्लिप सहज त्याहून मोठी निघते.
- खिशात मावणारा डिजिटल वजनकाटा, मापाची टेप, एक हातरुमाल, सॅनिटायझरचे पुसणे.

पेनड्राइव्हवर ठेवायच्या फाइल: रात्रीच्या दृश्याची एक क्लिप, क्रिकेटची वेगवान क्लिप, पूर्ण पांढरं आणि गडद करडं चित्र, ओळखीची दोन गाणी आणि १९२० बाय १०८० आकाराचं एक चित्र, ज्यात एकआड एक काळ्या-पांढऱ्या एक पिक्सेलच्या उभ्या रेषा आहेत. हे शेवटचं चित्र कुठल्याही चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांत बनतं. ते पीएनजीमध्येच ठेवा, जेपीजीमध्ये रेषा फिसकटतात. त्याचा उपयोग पुढे प्रोजेक्टरकडे येईल.

आणि जुन्या फोनमध्ये एक वाक्य लिहून ठेवा: 'ज्ञानेश्वर दुसऱ्या वऱ्हाडाबरोबर ऑफिसात आला, ॲप उघडलं, पोळी मिळाली.' यात ऱ्या, ऱ्हा, ज्ञ, ॲ, ऑ, ळ आणि ऱ्हस्व वेलांटी सगळं आहे.

हॉलमध्ये शिरल्यावर

पहिली फेरी कुठेही न थांबता पूर्ण करा. साधारण अर्धा-पाऊण तास. कुठे गर्दी आहे, कुठल्या वस्तू दोन-तीन स्टॉलवर वेगवेगळ्या नावांनी ठेवल्या आहेत, हे लक्षात येतं. एकाच कारखान्याचा साचा आणि त्यावर तीन नावं, हा प्रकार स्मार्टवॉच, पॉवर बँक आणि छोट्या प्रोजेक्टरांत सर्रास चालतो. बटणांची जागा, सॉकेटचा क्रम आणि मेनूतली अक्षरं तंतोतंत सारखी असली की आतली वस्तूही बहुधा तीच. मग किंमत आणि सेवा एवढ्याच गोष्टींत तुलना उरते.

काचेच्या पेटीत ठेवलेली वस्तू कदाचित नुसता ढाचा असते. 'हे चालू करता का?' विचारा. 'पुढच्या महिन्यात येतंय' असं उत्तर आलं की तिच्यावर वेळ घालवू नका आणि आगाऊ रक्कम तर मुळीच देऊ नका.

हॉलच्या परिस्थितीचा परिणामही समजून घ्या, नाहीतर चांगल्या वस्तूवर अन्याय होतो. ब्लूटूथ आणि जुनं वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात. एका छपराखाली शेकडो उपकरणं त्याच पट्ट्यात बोलत असतात, तेव्हा इअरबडचा आवाज तुटला तर तो दोष हॉलचा असू शकतो. स्पीकरचा बास उघड्या मोठ्या जागेत विरून जातो, घरात तोच जास्त वाटेल. उलट कॅमेऱ्याला हॉलचा भरपूर उजेड फायद्याचा ठरतो. फोनचा कॅमेरा तपासायचा तर टेबलाखालच्या सावलीत धरून फोटो काढा.

पॉवर बँक आणि चार्जर

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, आणि सगळ्यात सोपी तपासणीही इथेच आहे.

खोक्यावरचा १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा. ३.७ गुणिले १० म्हणजे ३७ वॉट-अवर ऊर्जा. बाहेर पाच व्होल्ट मिळतात, म्हणून ३७ भागिले ५, म्हणजे ७,४०० एमएएच, आणि त्यातून रूपांतरात जाणारे दहा-पंधरा टक्के वजा. हातात येतात साधारण ६,३०० ते ६,६००. प्रामाणिक कंपनी बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' म्हणून याच्या आसपासचा आकडा छापते. रेटेड कपॅसिटी छापलेलीच नसेल, किंवा तीही १०,००० असेल, तर ती पॉवर बँक खाली ठेवा.

आता वजनकाटा काढा. चांगल्या लिथियम सेलमध्ये एका किलोला साधारण २०० ते २५० वॉट-अवर मावतात. ३७ वॉट-अवरसाठी नुसते सेलच दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतात, वर सर्किट आणि आवरण. त्यामुळे १०,००० एमएएच सांगणारी पॉवर बँक १५० ग्रॅमच्या आत भरली, किंवा २०,००० ची ३०० ग्रॅमच्या आत, तर आकडा खोटा आहे. वजन भरपूर असूनही फसवणूक होते, कारण आत कधी वाळू किंवा लोखंडी पट्टी घातलेली असते. म्हणून हलक्या वस्तूला नापास करा, पण जड आहे म्हणून पास करू नका. सुट्या गोल १८६५० सेलवर ९,९०० एमएएच छापलेलं दिसलं तर त्या स्टॉलवरून सरळ पुढे जा. त्या आकाराचा चांगला सेल ३,५०० च्या आसपास थांबतो.

विमानप्रवास करणाऱ्यांनी वॉट-अवरचा आकडा छापलेला आहे ना, हे बघावं. केबिनमध्ये परवानगीशिवाय १०० वॉट-अवरपर्यंतच चालतं, म्हणजे सुमारे २७,००० एमएएच. आकडा पुसट असेल तर सुरक्षा तपासणीत अडवतात.

चार्जरची तपासणी अशी करा:

१. चार्जरच्या पाठीवरची बारीक ओळ वाचा. ६५ वॅटचा असेल तर तिथे २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर ही जोडी असायला हवी. खोक्यावर ६५ आणि पाठीवर फक्त ९ व्होल्ट २ अँपिअर असेल, तर तो १८ वॅटचा चार्जर आहे.
२. तुमची केबल, मीटर आणि जुना फोन जोडा. बॅटरी कमी असतानाच फोन पूर्ण जोर ओढतो. ८० टक्क्यांनंतर फोन स्वतःच वेग कमी करतो आणि त्याचं खापर चार्जरवर फुटतं.
३. मीटरवरचे वॅट लिहून घ्या. मग दुसऱ्या सॉकेटला आणखी एक फोन लावायला सांगा आणि पहिल्याचा आकडा किती पडतो ते बघा. दोन-तीन तोंडांच्या चार्जरमध्ये शक्ती वाटली जाते, काहींत ती विचित्रपणे वाटली जाते. दुसऱ्या तोंडाला साधा इअरबड लावला तरी पहिलं तोंड थेट १५ वॅटवर येतं.
४. दहा मिनिटं चालू दे आणि हात लावा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर नको.

फोन कंपनीचं स्वतःचं वेगळं जलद चार्जिंग असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या चार्जरवर तो फोन सावकाश चार्ज होणारच. त्यात चार्जरचा दोष नाही.

राउटरसाठीचा छोटा यूपीएस

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणं पुण्यात नित्याचं, आणि घरून काम करणाऱ्यांच्या घरात या डबीला चांगली मागणी आहे.

राउटरच्या अडॅप्टरचा घरून आणलेला फोटो इथे उघडा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, काही ९ किंवा ५ चे. व्होल्ट जुळलेच पाहिजेत, अँपिअर यूपीएसचे जास्त असले तर चालतात. पिनचा बाहेरचा व्यास बहुधा ५.५ मिलिमीटर, पण आतला २.१ की २.५, हे बघावं लागतं. २.५ च्या सॉकेटमध्ये २.१ ची पिन शिरतच नाही. उलट केलं, तर शिरते पण सैल राहते आणि जरा हलली की इंटरनेट जातं.

खरा प्रश्न हा विचारा: 'बॅटरीवर असताना १२ व्होल्ट स्थिर राहतात का?' स्वस्त डब्यांत तीन सेल एकापुढे एक जोडून थेट बाहेर दिलेले असतात. भरलेले असताना ते १२.६ व्होल्ट देतात आणि संपत येताना ९. राउटर मधेच कुठेतरी स्वतःहून बंद-चालू होऊ लागतो, आणि लोकांना वाटतं इंटरनेट कंपनीची लाइन खराब आहे. उत्तर गोलमोल आलं तर मल्टिमीटर मागा. अशा स्टॉलवर तो बहुधा असतो.

किती वेळ चालेल, ते तुम्हीच काढा. २,००० एमएएचचे चार सेल म्हणजे ३.७ गुणिले ८, म्हणजे २९.६ वॉट-अवर. रूपांतरातलं नुकसान जाऊन २४ धरा. राउटर सात-आठ वॅट घेतो. म्हणजे तीन तास. खोक्यावर 'आठ तास' लिहिलं असेल तर तो हिशोब तीन वॅटच्या राउटरचा आहे.

स्टॉलवर राउटर जोडून मेन प्लग ओढायला सांगा. राउटरचे दिवे जराही मिटता कामा नयेत. क्षणभर मिटले तर राउटर नव्याने सुरू होईल आणि चालू मीटिंगमधून तुम्ही दोन-तीन मिनिटं बाहेर.

घरी फायबरची डबी आणि राउटर वेगवेगळे असतील, तर दोन्हींना वीज लागते. दोन तोंडांचा यूपीएस घ्या. आणि सोसायटीच्या जिन्यात किंवा गच्चीवर इंटरनेटवाल्याचा जो डबा आहे त्याला बॅकअप नसेल, तर तुमच्या यूपीएसचा काहीही उपयोग होणार नाही. हे विकत घेण्याआधी इंटरनेटवाल्याला फोन करून विचारा.

स्मार्टवॉच

जुन्या फोनशी जोडा. मुख्य फोनवर कुठलंही अनोळखी ॲप घेऊ नका, आणि स्टॉलवरचा क्यूआर प्ले स्टोअरबाहेरून फाइल उतरवत असेल तर तिथेच थांबा. मग कुणाला तरी ते ज्ञानेश्वरचं वाक्य पाठवायला सांगा आणि घड्याळावर वाचा. स्वस्त घड्याळांत तीन गोष्टी होतात: पूर्ण चौकोन दिसतात, जोडाक्षरं तुटून हलंत दिसतात, किंवा वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. 'ऱ्या' आणि 'ॲ' हे दोन्ही नीट दिसले तर समजा कुणीतरी मराठीसाठी खरंच काम केलं आहे. दिवसभर मराठीत मेसेज येणाऱ्या माणसाला स्क्रीनच्या उजळपणाहून याचं मोल जास्त.

सेन्सरसाठी हातरुमालाची घट्ट गुंडाळी करून त्यावर घड्याळ बांधा. चांगलं घड्याळ बहुतेक वेळा 'मनगटावर नाही' असं सांगतं. कधीमधी नाडीचा एखादा आकडा तेही दाखवतं, कारण हिरव्या प्रकाशाचं परावर्तन कापडावरूनही होतं, तेव्हा एवढ्यावरून नापास करू नका. पण रुमालाचा रक्तदाब १२० बाय ८० आणि ऑक्सिजन ९८ असा ठामपणे येत असेल, तर ते आकडे बनवलेले आहेत. दंडाला पट्टा न बांधता रक्तदाब मोजायचा दावा करणाऱ्या स्वस्त घड्याळावर घरातल्या रुग्णाची औषधं अवलंबून ठेवू नका. बीपीसाठी पट्ट्याचं यंत्र वेगळं घ्या.

पाण्याबद्दल: आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, तेही प्रयोगशाळेतल्या गोड्या, स्थिर पाण्यात. आयपी६८ मध्ये खोली कंपनी ठरवते, म्हणून ती विचारा. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे, आणि 'एक्स' म्हणजे धुळीची चाचणी सांगितलेलीच नाही. चार्जर बहुधा त्याच मॉडेलचा चुंबकी असतो. सुटा मिळतो का आणि कितीला, हे तिथेच विचारा. पट्टा २० किंवा २२ मिलिमीटरचा असेल तर कुठेही मिळेल.

इअरबड

कानात घालण्याआधी पुसा. दोन शब्दांत लोक फसतात. एएनसी तुमच्या कानातला बाहेरचा आवाज कमी करतो. ईएनसी समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ ऐकवतो. खोक्यावर 'क्वाड माइक ईएनसी' आहे म्हणून पीएमपीच्या बसमध्ये शांतता मिळेल, असं समजू नका.

गाणं बंद ठेवून एएनसी चालू-बंद करा. हॉलच्या एसीची घरघर लक्षणीय कमी झाली पाहिजे. माणसांचं बोलणं पूर्ण जाणार नाही, ते कुठल्याच इअरबडमध्ये जात नाही. माइक तपासायला सोबतच्या माणसाला हॉलबाहेर पाठवून फोन लावा. तुम्हाला तुमचा आवाज कसा वाटतो, याला महत्त्व नाही. ओठ आणि आवाज यांतलं अंतर बघायला कुणी बोलत असलेला व्हिडिओ लावा, गाणं लावून ते कळत नाही.

प्रोजेक्टर आणि टीव्ही

छोट्या प्रोजेक्टरवर '९,००० ल्युमेन, फोर-के सपोर्ट' लिहिलेलं असतं. दोन प्रश्न: एएनएसआय ल्युमेन (ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड) किती, आणि नेटिव्ह रिझोल्यूशन (पॅनेलचे खरे पिक्सेल) किती? पाठीवरचे वॅट बघा. साठ वॅट खाणाऱ्या एलईडी प्रोजेक्टरमधून ९,००० ल्युमेन निघणं शक्यच नाही, कारण एलईडीचा उजेडच वॅटमागे शंभरेक ल्युमेन, आणि त्यातला बराचसा भिंगांत आणि पॅनेलमध्ये जिरतो.

आता पेनड्राइव्हवरचं रेषांचं चित्र लावा. कीस्टोन सुधारणा, म्हणजे तिरपं पडलेलं चित्र सरळ करणारी सोय, आधी बंद करून घ्या, ती चालू असली की कुठलंही चित्र फिसकटतं. नेटिव्ह १०८० असेल तर जवळ गेल्यावर रेषा वेगवेगळ्या दिसतात. ७२० असेल तर करडा पट्टा किंवा लहरी दिसतात. मग चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचा. मध्यभाग फोकसमध्ये आणून कोपरे पुसट, हा स्वस्त भिंगाचा ठरलेला दोष. शेवटी पडदा बाजूला करून हॉलचा उजेड आत येऊ द्यायला सांगा. दिवाणखान्यात संध्याकाळी दिसेल ते चित्र साधारण तसंच असेल.

टीव्हीवर 'व्हिव्हिड' किंवा दुकानासाठीचा मोड असतो. रिमोट मागून 'मूव्ही' मोडवर आणा आणि मगच बघा. करड्या चित्रावर कडांचे उजळ डाग दिसतात, रात्रीच्या दृश्यात काळा रंग राखाडी होतो का ते कळतं, क्रिकेटच्या क्लिपमध्ये चेंडूमागे शेपूट दिसते का बघा. 'एचडीआर सपोर्ट' म्हणजे फक्त तसा सिग्नल समजतो. तो दाखवायला पॅनेल पुरेसं उजळ आहे का, हा वेगळा प्रश्न, त्यासाठी निट्स विचारा आणि तो आकडा 'पीक' आहे की नेहमीचा, तेही.

रोबोट झाडू

चौथऱ्यावर तो सुंदर चालतो. तुमच्या उंबरठ्याचे मिलिमीटर सांगा. पुष्कळ मॉडेल २० मिलिमीटरच्या आसपास थकतात. जुन्या घरातल्या शहाबादी फरशीच्या खोल सांध्यांतून कचरा निघेल का, हे बघायला थोडी तांदळाची कणी फरशीच्या फटीसारख्या खाचेत टाकायची परवानगी मागा. झाडू उलटा करून मुख्य ब्रश हाताने काढून बघा. लांब केस त्याच्या टोकांच्या बेअरिंगमध्येच अडकतात, तिथे हत्याराशिवाय पोचता आलं पाहिजे. सुटे ब्रश, फिल्टर, पुसणीचं कापड पुण्यात कुठे मिळतं आणि वर्षाचा खर्च किती, हे लिहून घ्या. पायपुसण्याची झालर चाकात ओढली जाते, तेव्हा ती रोज उचलायची तयारी हवी.

ड्रोनबद्दल थोडक्यात: परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, संशोधन, संरक्षण, सुरक्षा असे अपवाद सोडून. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळही आहे, त्यामुळे शहराच्या मोठ्या भागात उडवण्याआधी सरकारचा 'डिजिटल स्काय' हा ड्रोनसाठीचा नकाशा बघावाच लागतो. स्टॉलवाला 'काही लागत नाही' म्हणाला तर तो चुकतोय.

पैसे देण्याआधी

वस्तूवर किंवा खोक्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, भारतीय मानकाचा क्रमांक आणि 'आर-' ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक शोधा. मोबाइल, पॉवर बँक, अडॅप्टर, टीव्ही, स्मार्टवॉच यांना ही नोंदणी सक्तीची आहे. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक टाका आणि निघालेलं नाव, वस्तू आणि ब्रँड समोरच्या खोक्याशी जुळवा. खरा क्रमांक पण दुसऱ्याच कंपनीच्या अडॅप्टरचा, असं घडतं, म्हणून 'क्रमांक सापडला' एवढ्यावर थांबू नका.

आयात वस्तूच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, देश आणि तक्रारीचा फोन असावा लागतो. त्या फोनवर स्टॉलसमोर उभं राहूनच फोन लावा. मोबाइल घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय घ्या आणि केवायएम, जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा.

बिलावर जीएसटी क्रमांक, कायमचा पत्ता आणि वस्तूचा सिरीयल नंबर असलाच पाहिजे. महाराष्ट्रातल्या विक्रेत्याचा क्रमांक २७ ने सुरू होतो. स्टॉल चार दिवसांनी उठतो, म्हणून वॉरंटी कंपनीची की विक्रेत्याची, आणि पुण्यातलं सेवा केंद्र कुठे, हे बिलाच्या मागे लिहून घ्या. 'प्रदर्शन खास किंमत' ऐकली की फोनवर तीच वस्तू शोधा. तफावत दोन-चार टक्क्यांचीच असेल, तर रिटर्नची सोय असलेलं दुकान परवडतं.

दुकानासाठी माल बघायला आलेल्यांनी वेगळे प्रश्न विचारावेत. कमीत कमी किती नग, भाव जीएसटी धरून की सोडून (२,००० चा नग १८ टक्के धरून २,३६० होतो), डबा उघडताच बंद निघालेला नग किती दिवसांत बदलून मिळतो आणि वाहतूक कोणाची, सुटे भाग किती वर्षं, त्याच पेठेत दुसऱ्याला माल देणार का. नमुन्याचे दोन नग पैसे देऊन घ्या आणि दोन आठवडे वापरूनच ऑर्डर द्या. नमुना चांगला आणि खोक्यातला माल हलका, हा प्रकार टाळायला नमुन्याचं वजन आणि आतल्या सर्किटचा फोटो जपून ठेवा आणि आलेल्या खोक्यातला एखादा नग उघडून ताडून बघा.

घरी आल्यावर

त्याच रात्री सगळं चालू करा. पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड घेतलं असेल तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा एफ-थ्री या फुकट सॉफ्टवेअरने ते पूर्ण भरून वाचून बघा, कारण खोटी क्षमता दुसऱ्या कुठल्याही मार्गाने नीट कळत नाही. सेकंदाला २० एमबीच्या वेगाने ६४ जीबी लिहायला सुमारे ५३ मिनिटं लागतात, एक टीबीला चौदा तास, तेव्हा ते रात्रभर लावून ठेवा. पॉवर बँक एकदा पूर्ण भरून मीटरवर पूर्ण रिकामी करा आणि बाहेर आलेले वॉट-अवर लिहा. ३७ वॉट-अवरच्या पॉवर बँकेतून तीसच्या पुढे आले तर ठीक, वीस आले तर परत करा.

खोकं, थर्माकोल आणि लेबल महिनाभर फेकू नका. बिघाड निघाला तर आधी विक्रेत्याला लेखी, व्हॉट्सॲपवर का होईना, कळवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रारीसोबत बिल, सिरीयल नंबर दिसेल असा फोटो आणि मीटरच्या आकड्याचा व्हिडिओ जोडा.